आमच्याच बागेवर गारा का?

प्रश्न : ताई, आमची दोन एकर माणिक चमन द्राक्षांची बाग. मागच्या फेब्रुवारीत काढणीला आठ दिवस राहिले असताना गारपीट झाली, सगळे घड मातीत गेले. जूनमध्ये मालकांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. बांधापलीकडे थोरल्या दिरांची बाग. त्यांचा माल आधीच गेला होता. यंदा त्यांनी बंगल्याचा स्लॅब टाकला. आम्ही वारी कधी चुकवली नाही, ते देवळाची पायरी चढत नाहीत. जाऊबाई म्हणतात, देव परीक्षा बघतो. तीन महिने मी देवापुढे दिवा लावलेला नाही. हे मात्र रोज तिन्हीसांजेला विचारतात, दिवा लावलास का? रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही. देवाच्या मनात आहे तरी काय?
— एक शेतकरीण, सोलापूर जिल्हा

उत्तर : अहो ताई, देवाच्या मनातलं मला कळत नाही. जाऊबाईंनाही कळत नाही, फक्त त्यांनी ते कबूल केलेलं नाही.

तुमच्या पत्रात एक शब्द आहे, 'आधीच'. दिरांचा माल आधीच गेला, म्हणजे त्यांची ऑक्टोबर छाटणी तुमच्या आधी झाली असणार. पंधरा-वीस दिवसांचा फरक. लवकर छाटावं तर परतीच्या पावसात डाऊनीची बुरशी येऊन घड जातात, उशिरा छाटावं तर गारांची धास्ती. द्राक्षवाले दरसाल हा जुगार खेळतात, तुम्हाला मी काय सांगणार! परतीचा पाऊस लांबला असता तर रडायची पाळी बांधापलीकडे होती. मग गाव म्हणालं असतं, बघा, वारी करणाऱ्याला पांडुरंगानं तारलं. तुम्हीही म्हणाला असता. खरं सांगा.

लोक तुम्हाला तुकोबाही ऐकवत असतील, 'बरें जालें देवा निघालें दिवाळें'. अभंग खराच. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात देहूच्या त्या सधन घरातला पैसा आटला, पहिली बायको अन्न अन्न करत गेली. पण ते 'बरें जालें' तुकोबा स्वतःच्या दिवाळ्याबद्दल म्हणाले, शेजाऱ्याच्या नाही. आणि त्याच माणसानं 'माझे लेखीं देव मेला' असंही म्हणून ठेवलंय. सांत्वनाला येणाऱ्यांना तो अभंग बरा आठवत नाही!

मला अशा वेळी आवली जवळची वाटते, तुकोबांची दुसरी बायको. घरात दाणा नाही, नवरा भजनात. ती विठोबाला 'काळ्या' म्हणून शिव्या घालायची आणि भाकरी बांधून भंडारा डोंगर चढायची. वारकरी सांगतात, वाटेत तिच्या पायात काटा मोडला तो विठोबानं काढला. शिव्या घालणारीच्या पायातला. ही गोष्ट वारीत चालताना तुम्हीही ऐकली असेल. तेव्हा भांडा त्याच्याशी, चांगलं मोठ्यानं.

दिरांच्या स्लॅबकडे बघून काळीज जळतं, त्यात पाप नाही. पण त्यांच्याकडे धडधाकट माणसं आहेत. फवारणीला एक माणूस मागा. वाईटपणा आला तर येऊ द्या.

झोपेचं दुखणं मात्र अंगावर काढू नका. जूनपासून एकटीनं ओढताय, झोप उडणारच. तालुक्याच्या डॉक्टरांना दाखवा. तिथवर जाणं होत नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

राहिला दिवा. तुम्हाला हात जोडावेसे वाटत नसतील तर नका जोडू. पण ते रोज विचारतात, तर त्यांचा दिवा त्यांना लावू द्या. वात तुम्ही वळा, तेल घाला, काडेपेटी घट्ट धरून ठेवा. काडी ते डाव्या हातानं ओढतील. पहिल्या दोन-चार मोडतील.