‘मी असं बोललोच नव्हतो’ म्हणणाऱ्या मॅनेजरच्या हाताखाली

बाय, तुझं सगळं वाचलं. म्हणजे रत्नागिरीजवळच्या आंबा पल्पच्या कारखान्यात तू डिस्पॅच आणि बिलिंग बघतेस, साडेचार वर्षं झाली. मॅनेजर मालकाचा मेहुणा. हुकूम तोंडी द्यायचे, अंगाशी आलं की कानावर हात ठेवायचे, वर ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांदेखत पाणउतारा. घरचे म्हणतात, घराजवळची नोकरी आहे, सोडू नको. तू विचारतेस, राहू की मुंबई गाठू?

मी चिपळूणकडच्या कारखान्यांच्या ऑफिसांत आयुष्य काढलं, स्टोअरपासून पगारपत्रकापर्यंत. ‘एचआरकडे जा’ हा सल्ला तुला इथे बऱ्याच जणांनी दिलाय. तीस माणसांच्या कारखान्यात कसला एचआर! तक्रार फिरून मेहुण्याच्याच टेबलावर येणार. शिवाय आपल्याकडे ऑफिस सुटलं तरी ऑफिसातली माणसं सुटत नाहीत. शिमग्याला पालखीसोबत भेटतात, लग्नात पंगतीला शेजारी बसतात. तेव्हा त्याला धडा शिकवायचं मनातून काढ. त्याचं खापर तुझ्या डोक्यावर फुटू नये आणि निघशील तेव्हा तुझे पैसे नि तुझं नाव शाबूत असावं, एवढंच बघायचं.

तो गाडीचा प्रसंग घे. ‘गाडी सोड, ई-वे बिल नंतर बघू’ म्हणाला, गाडी अडली आणि ग्रुपवर लिहिलं की डिस्पॅचच्या हलगर्जीपणामुळे दंड बसला. राज्याबाहेर ५० हजारांच्या वर आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वर माल असला की ई-वे बिल, म्हणजे जीएसटीच्या पोर्टलवर काढायचा मालवाहतुकीचा कागद, लागतं, हे तुलाही ठाऊक आहे आणि त्यालाही. पुढच्या वेळी तोंडी हुकूम आला की वाद घालू नकोस. जागेवर जाऊन त्याच्या एकट्याच्या नंबरवर लिही: ‘सर, गोव्याची गाडी भरून तयार आहे. ई-वे बिल अजून झालेलं नाही. बिल करून सोडू की तशीच सोडू, कळवा.’ बस. टोमणा नाही, तक्रार नाही, मागचं उकरणं नाही. उत्तर येईपर्यंत गेटपासवर सही करायची नाही. बहुतेक वेळा ‘बिल करून सोड’ असंच उत्तर येतं, कारण ‘तशीच सोड’ हे लेखी द्यायची छाती या लोकांना नसते. फोन करून ओरडला तर फोन झाल्यावर पुन्हा एक ओळ: ‘आत्ता फोनवर सांगितल्याप्रमाणे...’ महिनाभर हे शांतपणे चालू ठेव. तुझ्या नावावर पावती फाडणं जड जातं म्हटल्यावर तो दुसरं गिऱ्हाईक शोधेल. (ते गिऱ्हाईक बहुतेक तो नवीन पोरगा असेल. त्यालाही ही युक्ती सांग.)

घरी एक वही ठेव. तारीख, वेळ, कोण हजर होतं आणि त्याचे शब्द जसेच्या तसे. ‘फार वाईट बोलला’ असं लिहिलंस तर त्याचा काही उपयोग नाही. पण एक सांभाळ. कंपनीची बिलं, पार्ट्यांच्या याद्या, रेटचे कागद स्वतःच्या मेलवर पाठवू नकोस. तसं केलंस तर कंपनीची माहिती बाहेर नेली म्हणून तेच तुला कोंडीत पकडतील.

मन मोकळं करायला कारखान्यातलं माणूस नको. सकाळी पॅकिंगमध्ये बोललेलं संध्याकाळी मच्छी मार्केटात ऐकू येतं. तालुक्याबाहेरची मैत्रीण गाठ. झोप उडाली असेल, सकाळी गेट दिसलं की पोटात गोळा येत असेल, तर १४४१६ हा टेलि-मानसचा, मनाच्या त्रासासाठीचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आता गणपतीची रजा. आपल्याकडचं निम्मं ऑफिस-राजकारण याच एका रजेवर चालतं. सगळ्यांच्याच घरी गणपती, सगळ्यांनाच रजा हवी, आणि ती देणं हातात असलं की मॅनेजर वर्षभर सगळ्यांना नाचवतो. याला माझ्या बघण्यात एकच उपाय लागू पडला. आषाढातच चार-सहा जणांनी बसून आपापसात पाळ्या लावायच्या. दीड दिवसाचा गणपती असेल तो तिसऱ्या दिवशी कामावर हजर, म्हणजे गौरी-गणपतीवाले विसर्जनापर्यंत घरी राहू शकतात. अनंत चतुर्दशीपर्यंत ठेवणारे पहिले दोन दिवस आणि शेवटचा दिवस घेतील. मग सगळ्यांच्या सह्यांचा एकच कागद मॅनेजरला द्यायचा, प्रत मालकाला. काम अडत नाही हे कागदावरच दिसतं, त्यामुळे नाकारायला कारण उरत नाही. आणि खरा फायदा वेगळाच. एकमेकांच्या चुगल्या करणारी माणसं पहिल्यांदा एका कागदावर सही करतात.

शेवटी तू एक गोष्ट ओझरती लिहिलीस. रात्री नऊनंतर मॅनेजरचे ‘सहज’ फोन येतात आणि ड्रेसवरून बोलणं होतं. बाय, याला राजकारण म्हणू नकोस. हा लैंगिक छळ आहे आणि त्याला २०१३चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असायलाच हवी, आणि मालकाविरुद्धच तक्रार असली किंवा माणसं दहापेक्षा कमी असली तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. तक्रार करणारीचं नाव उघड करायला कायद्याने बंदी आहे. तरी गावात कुजबुज होईल, ते मी नाकारत नाही. म्हणून अर्ज देण्याआधी आईला आणि भावाला विश्वासात घे. फोनचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेव, पुढे तक्रार केलीस किंवा नाही केलीस तरी.

राहू की जाऊ? जा, पण तारीख तू ठरव. सलग पाच वर्षं भरली की ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मालकाने द्यायची एकरकमी रक्कम, लागू होते, आणि तू सीझनवर नाहीस, कायम आहेस. हिशेब सोपा: शेवटचा बेसिक (महागाई भत्ता असेल तर तोही धरून) भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. बेसिक १२ हजार धरला तर पाच वर्षांचे सुमारे ३४,६०० रुपये होतात. मेहुण्याच्या तोऱ्यापायी हे सोडून येण्यात काही शहाणपणा नाही. मात्र ते रात्रीचे फोन वाढले तर पैशाकडे बघू नकोस, त्याच आठवड्यात बाहेर पड.

मुंबईला असले मॅनेजर नसतात असं समजू नकोस. फरक इतकाच, तिथे तो तुझ्या मामाला ओळखत नसतो. रत्नागिरीतच दुसरीकडे गेलीस आणि ‘आधीची का सोडली?’ विचारलं तर ‘कामाचा आवाका वाढवायचा होता’ म्हणायचं. नवा मालक जुन्याच्या ओळखीतला असणार हे धरूनच बोल.

राजीनामा लिहायच्या आधी सरकारच्या उमंग ॲपवर पीएफचं पासबुक उघड. पगारातून कापतात पण भरत नाहीत, असे कारखाने मी पाहिलेत. नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने टाकली नाही, तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती तुला स्वतःला पीएफच्या पोर्टलवर टाकता येते, त्यासाठी कुणाच्या पाया पडायला नको. पासबुकात किती महिन्यांचा भरणा दिसतो ते कळव, मग राजीनाम्याचा मसुदा मी बघून देते.