'पार्शल सीझर'ला 'अर्धी फिट' म्हणावं का?

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. त्यांच्या वर्गातला चौथीतला मुलगा 'हट्टी, आक्रस्ताळा, मुद्दाम ऐकत नाही' म्हणून वर्षभर बोलणी खात होता. आता तपासणीच्या कागदावर 'पार्शल सीझर' असं आलंय. बाईंनी घरच्यांना ते 'अर्धी फिट' असं समजावलं, तर त्याची आई म्हणाली, "मग गोळीबी अर्धीच द्यायची न्हवं?" शब्द चुकला का, आणि बरोबर कोणता, असं बाई विचारतात.

चुकला, पण चूक समजण्यासारखी आहे. 'अर्धशिशी'तलं अर्धं हे जागेचं आहे, अर्धं डोकं दुखतं म्हणून. तेच 'अर्धी' फिटच्या आधी लावलं की मापाचं होतं, अर्ध्या भाकरीसारखं. 'पार्शल' म्हणजे एका भागापुरतं, आणि तो भाग मेंदूचा. फिट मेंदूच्या एका ठिकाणी सुरू होते, एवढंच तो शब्द सांगतो. ती सौम्य असते असं नाही, आणि तीच पुढे पसरली तर सगळं अंग झटके देऊ लागतं. हा घोळ इंग्रजीतही होताच. इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी या फिटेच्या आजारावर काम करणाऱ्या संघटनेच्या २०१७ च्या वर्गीकरणात 'पार्शल'च्या जागी 'फोकल', म्हणजे एका ठिकाणची, असा शब्द आहे. मी 'एका जागची फिट' म्हणेन. नुसतं 'सीझर' मात्र नको. आपल्याकडे 'सीझर झालं' म्हटलं की लोक पेढे मागतात.

खरी अडचण पुढेच आहे. फेफरं, आकडी, झटके हे आपले शब्द पडणारा, ताठणारा, तोंडाला फेस येणारा माणूस डोळ्यांपुढे आणतात. बेळगावकडे त्यात कन्नडची भर. दवाखान्यातल्या फलकावर 'मूर्छे रोग' असतं, म्हणजे अपस्मारच, फिट येण्याचा आजार. पण मराठी कानाला 'मूर्च्छा' म्हणजे बेशुद्ध पडणं. मग घरचे शपथेवर सांगतात, "आमचा पोरगा कधी पडला न्हाई." न पडता येणाऱ्या फिटेला रोजच्या बोलीत नावच नाही. त्या मानाने जुना 'अपस्मार' नेमका: स्मृती निघून जाणे, अशीच चरकसंहितेत त्याची व्याख्या आहे. पडण्याचा त्यात संबंध नाही. पण तो शब्द आता कागदावरच उरलाय.

नाव नसलं तरी क्रियापदं आहेत, आणि आपल्या सीमाभागातल्या मराठीत तर फार चांगली आहेत. बाईंनी आईचं एक वाक्य जसंच्या तसं लिहून पाठवलंय: "पोरगं नुसतं बघालंय, तोंड मचमच करालंय, शर्टाचं बटण चाचपालंय, हाक मारली तर ओ देईना." पुण्याची मराठी बोलणारा हसेल, पण हे 'बघालंय, करालंय' म्हणजे त्या घडीला डोळ्यांसमोर चाललेली क्रिया. एका जागच्या फिटेचं याहून चांगलं वर्णन मी तरी वाचलेलं नाही. ती बहुधा अर्ध्या-एक मिनिटापासून दोन मिनिटांपर्यंत चालते. आधी कधी पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं होतं, कधी कारण नसताना भीती वाटते. नंतर मूल गोंधळलेलं, पेंगुळलेलं असतं. तेव्हा त्याला दंडाला धरून जागेवर बसवायला गेलं की ते ढकलतं, आणि शाळेत त्याची नोंद 'मारतो' अशी होते.

'तंद्री' हा शब्द इथे जपून वापरावा. तंद्री हाकेने, खांद्यावर हात ठेवल्याने मोडते. फिट मोडत नाही. तंद्री कंटाळ्याच्या तासाला लागते. फिट खेळताना, जेवतानाही येते, आणि दर वेळी जवळजवळ त्याच चालीने. काही सेकंदच टक लावून लगेच पुढचं वाक्य बोलणारं मूल असेल तर तो वेगळा प्रकार असू शकतो, त्याचं औषधही वेगळं. एका जागच्या फिटेला चालणारं कार्बामॅझेपीन त्या प्रकारात त्रास वाढवू शकतं. म्हणून घड्याळ बघा, जमलं तर मोबाईलवर चित्रण करा. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, साधा आला म्हणून फिट नाही असं ठरत नाही.

मला सगळ्यात रस आहे तो एका प्रत्ययात. 'तो हट्ट करतो', 'तो नाटक करतो' यात मुलगा कर्ता. 'त्याला फिट येते' यात तो कर्ता नाहीच, 'ला' लागून बाजूला झाला. वर्षभर त्या पोराचं वाक्य चुकीच्या विभक्तीत बोललं जात होतं. अर्थात प्रत्येक रागाला 'ला' लावून सोडवू नये. खाऊ नाकारला म्हणून नेम धरून पाटी फेकली तर ती फिट नव्हे. आणि एकाच मुलात दोन्ही असू शकतं. लेव्हेटिरासेटामसारख्या फिटेवरच्या गोळीनेही काही मुलं चिडचिडी होतात. तसं दिसलं तर डॉक्टरांना सांगायचं, गोळी आपण होऊन बंद करायची नाही.

घरचे बाहेर 'चक्कर येते' म्हणतात, अशीही बाईंची तक्रार आहे. म्हणू द्या. १९९९ च्या दुरुस्तीपर्यंत हिंदू विवाह कायद्यात लग्नाला आड येणाऱ्या गोष्टींत वारंवार येणारा अपस्मार होता. कायद्यातून शब्द गेला, सोयरिकीतून जायला वेळ लागतो. फक्त डॉक्टरांपुढे चक्कर म्हणू नये.

आणि आईला एवढं सांगा: गोळीचं माप मुलाच्या वजनावरून ठरतं, फिटेच्या नावावरून नाही. साधारण दोन वर्षं एकही फिट आली नाही तर डॉक्टर ती हळूहळू कमी करायचा विचार करतात. अर्धी गोळी आलीच तर ती तेव्हा येईल, त्यांच्या हाताने.