शेअर्ड सर्व्हरवर स्क्रिप्ट रात्रभर चालवू नकोस
अरे, ग्राहकांना बिलांचे मेल पाठवणारी स्क्रिप्ट तू रात्रभर चालू ठेवणार म्हणतोस, पण शेअर्ड सर्व्हरवर आपल्यासोबत इतरांच्याही साइट असतात. जास्त वेळ रेंगाळणारी प्रोसेस होस्टवाले बहुधा मारूनच टाकतात. त्यापेक्षा क्रॉन जॉब (ठरलेल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणारी सोय) लाव, दर १५ मिनिटांनी, आणि एका फेरीत ५०च मेल पाठव. कुठवर आलो ते डेटाबेसमध्ये नोंदव, म्हणजे मध्येच बंद पडली तरी पुढची फेरी तिथूनच सुरू होईल. पीएचपीची (स्क्रिप्ट ज्या भाषेत आहे तिची) ३० सेकंदांची मर्यादा ब्राउझरमधून चालवताना असते, कमांड लाइनवर, म्हणजे क्रॉनमधूनही, मुळात नसते. आणि फ्लॉक (एक फेरी चालू असताना दुसरी सुरू होऊ न देणारं कुलूप) लावायला विसरू नकोस! माझी पहिली फेरी संपायच्या आत दुसरी सुरू झाली आणि ग्राहकांना तेच बिल दोनदा गेलं. क्रॉनमध्ये पीएचपीचा पूर्ण पाथ (ते सर्व्हरवर कुठे आहे तो पत्ता) दे, आउटपुट लॉग फाइलमध्ये (नोंदींच्या फाइलमध्ये) वळव, पहिला आठवडा ती रोज उघडून बघ.