पहिल्या लांबच्या भाड्यावर निघण्याआधी

प्रिय मुला,

अनेक आशीर्वाद. हेवी लायसन्स हातात पडलं आणि शेठनं गोव्यातल्या वेर्ण्याहून पुण्याचं भाडं तुझ्यावर सोपवलं, हे तुझ्या आईकडून कळलं. तिला आनंद आहे, धास्तीही आहे. धास्ती कशाची, ते तिला तुझ्यासमोर बोलवत नाही, म्हणून मी लिहितो.

लांब पल्ल्याच्या गाडीवर लवकरच कुणीतरी काहीतरी तुझ्यापुढं धरील. देणारा वाईट असतो असं नाही. नाक्यावर गाड्या रांगेत उभ्या असतात, शेजारच्या केबिनमधला वयानं मोठा ड्रायव्हर तुझे लाल डोळे बघतो आणि मायेनंच म्हणतो, "घे रे, सकाळपर्यंत डोळा लागणार नाही." उत्तरेकडच्या गाड्यांवर भुक्की मिळते, म्हणजे अफूच्या बोंडांचा भुगा. कुणाकडं गांजा, कुणाकडं चिठ्ठीशिवाय आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या, कुणाकडं खोकल्याच्या औषधाची बाटली. प्रेमानं दिलेलं नाकारणं जड जातं, म्हणून ह्या वस्तू अंगात काय करतात ते आधीच माहीत असू दे.

अफूनं झोप जात नाही. कंबर दुखायची थांबते, थकवा जाणवत नाही, आणि आपण ताजेतवाने आहोत असं वाटतं. शरीर मात्र तितकंच थकलेलं असतं. शिवाय अफूनं डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. रात्री अंधारात दिसायला बाहुली मोठी व्हावी लागते, इथं उलटं होतं. धारबांदोड्याच्या रस्त्यावर पावसाळ्यात गुरं डांबरावर बसलेली असतात, टेललाइट नसलेला ट्रॅक्टर पुढं असतो, ते उशिरा दिसतं. गांजानं वेळ आणि अंतर यांचा अंदाज चुकतो, गाडी पट्ट्यात सरळ राहत नाही. झोप उडवणाऱ्या गोळ्या झोप पुढं ढकलतात, आणि त्यांचा जोर ओसरला की ती सगळी एकदम अंगावर येते. सर्दीच्या साध्या गोळीनंसुद्धा गुंगी येते. डॉक्टरांना आधी सांगायचं, "मी गाडी चालवतो."

साठच्या वेगानं जाणारी गाडी तीन सेकंदांत पन्नास मीटर पुढं जाते. डुलकी लागायला तेवढी सेकंदं पुष्कळ होतात. सलग 17 तास जागलेल्या माणसाचे हातपाय रक्तात 100 मिलीलिटरला 50 मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसासारखे मंदावतात, असं संशोधनात दिसलं आहे. आपल्याकडं कायद्याची मर्यादा 30 आहे. म्हणजे थेंबही न पिता तू दारुड्याच्या जागी बसलेला असतोस.

आता पुण्याचा हिशोब कर. अंतर साडेचारशे किलोमीटरच्या वर, भरलेली गाडी सरासरी चाळीसनं जाते. नुसतं स्टेअरिंगच अकरा-बारा तास, लोडिंगच्या रांगेचे तास वेगळे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 91 प्रमाणे ड्रायव्हरचे तास ठरलेले आहेत: दिवसाला आठ, आठवड्याला अठ्ठेचाळीस, आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. शेठ "सकाळी पोचव" म्हणतो, तेव्हा ही बेरीज त्याच्यासमोर मांड. माझं ठाम मत आहे, नशेची गरज ह्या बेरजेतून तयार होते. 2012 मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडेपर्यंत सावर्डे-कुडचडे भागात आपण हेच पाहिलं. ट्रिपवर पैसे होते, म्हणून माणसं ट्रिपा मोजत धावली, आणि किती घरांतले कर्ते रस्त्यावर गेले. जोडीला दुसरा ड्रायव्हर माग, नाहीतर मध्ये झोपायची वेळ ठरवून घे. क्लीनरच्या हातात मात्र स्टेअरिंग देऊ नकोस.

परतीला गोव्यात उतरणारा अनमोड घाट पहाटे लागेल, म्हणजे झोपेचा जोर सगळ्यात जास्त असतो त्या वेळी. उतार लागण्याआधीच गाडी बाजूला घे आणि झोप. चहा किंवा कॉफी घेऊन लगेच वीस मिनिटं पडलास तर उठेपर्यंत तिचा अंमल सुरू होतो, पण दोन-चार तासांची गाढ झोप वेगळीच. मग खालच्या गियरमध्ये उतर, एक्झॉस्ट ब्रेक वापर, पायाचा ब्रेक सतत दाबून धरू नकोस. ब्रेकचे लायनर तापून जळका वास येऊ लागला, ब्रेकच्या हवेच्या दाबाचा काटा खाली आला, की थांबायचं. हे वास आणि काटे शुद्धीत असलेल्या माणसालाच कळतात. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकणाऱ्यांचं ऐकू नकोस.

कायदा थोडक्यात. नशेत गाडी चालवताना पहिल्यांदा सापडलास तर कलम 185 खाली दहा हजारांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. नशेत ठोकलेल्या गाडीच्या नुकसानीचा विमाही मिळत नाही. शेठला हे दुसरं वाक्य सांग, तो लगेच ऐकेल.

आणि समजा, तू घेतलंस, पुन्हा घेतलंस, आणि आता न घेता गाडीवर बसवत नाही. तेव्हा लपवू नकोस. अफू किंवा त्या दुखण्याच्या गोळ्या एकदम सोडल्या की घाम सुटतो, जुलाब होतात, अंग मोडून येतं, झोप लागत नाही. त्या अवस्थेत गाडीवर जाऊ नकोस आणि एकट्यानं झुंजू नकोस. ह्यावर औषधं आहेत, बांबोळीच्या मनोविकार रुग्णालयात उपचार होतात. 14446 हा व्यसनमुक्तीचा सरकारी फोन आहे, पैसे पडत नाहीत. आईला सांगवत नसेल तर मला सांग, मी बरोबर येतो.

शेठशी तासांबद्दल बोलायला एकट्याला जड वाटत असेल, तर रविवारी सकाळी घरी ये. दोघं मिळून जाऊ, तो मला ओळखतो. भाड्याचा कागद बरोबर आण, लोडिंगची वेळ त्यावरच लिहून घेऊ.

तुझा,
काका