फाडलेली बिलं

प्रश्न: मिस्टरांबरोबर आठ दिवस जयपूरला गेले होते. संध्याकाळी ते हॉटेलात कामाचे फोन घेत बसायचे, म्हणून मी एकटीच बापू बाजारात जायचे. सगळ्यांसाठी भरपूर घेतलं. नणंदेने मात्र तिची चादर ‘असल्या इथेही मिळतात’ म्हणत बाजूला ठेवली. तीन आठवडे झाले, झोप नाही, छातीत धडधडतं. (बिलं विमानतळावरच फाडली, नाहीतर हे बोलले असते.) नणंदेशी कसं वागू? – एक वाचक, पुणे

ताई, नणंदेला सोडा. चादर नावडली म्हणून कुणाची तीन आठवडे झोप उडत नाही. ती उडाली आहे फाडलेल्या बिलांमुळे, आणि ती गोष्ट तुम्ही कंसात उरकलीत.

जयपूरची दुकानं मला ठाऊक आहेत. गादीवर बसवतात, चहा मागवतात, ‘लेना मत, देखिए तो सही’ म्हणत एकामागून एक सांगानेरी चादरी उलगडत जातात. रिक्षावाल्याने नेलं असेल तर त्याचं कमिशनही किमतीत धरलेलं. समोर एवढा ढीग पडल्यावर रिकाम्या हाताने उठायची लाज वाटते, हे खरं. पण रोज संध्याकाळी तुमचे पाय तिकडे का वळत होते? तासभर कुणीतरी तुमच्याकडे बघून बोलत होतं, तुमची आवड विचारत होतं. घासाघीस करताना मनाला तरतरी येते, पिशवी हातात आली की ती ओसरते. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा बाजार. यात मी तुम्हाला बोल लावणार नाही. नवरा सोबत असून एकटीने संध्याकाळ काढणं फार जिवाला लागतं.

राग मला बिलांचा आला. सहल दोघांची, संसार दोघांचा, मग ही चोरी कसली? कार्डाचं स्टेटमेंट आज ना उद्या त्यांच्या हाती पडणारच, आणि तोवर तुम्ही रात्र-रात्र जाग्या राहणार.

धडधड डॉक्टरांना दाखवाच. कुणाशी मोकळं बोलावंसं वाटलं तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर आहे, मोफत, मराठीतही बोलता येतं. पण आधी घरात बोला. आज रात्री जेवणं झाली की टीव्ही बंद करा आणि मिस्टरांना खर्चाचा आकडा सांगा. पूर्ण आकडा, शंभर रुपयेही कमी न करता. चिडतील, चिडू देत. त्यांचं बोलून झालं की उठून जाऊ नका. जयपूरच्या संध्याकाळी तुम्हाला किती एकटं वाटत होतं, तेही तिथेच सांगून टाका.