मिसळ कायमची बंद का? आतड्याच्या जुन्या दुखण्यावर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात अल्सरेटिव्ह कोलायटिसवर चार ओळी लिहिल्या होत्या, त्यानंतर इतके मेसेज आलेत की या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. कुणाचं नाव छापत नाही, कारण संडासच्या तक्रारीबद्दल बोलायला आपल्याकडं माणसं लाजतात, आणि लाजण्यात वर्षं निघून जातात. उत्तरांआधी एवढंच सांगते की आतड्याला आतून सूज येऊन जखमा होणारे मोठे आजार दोन. कोलायटिस मोठ्या आतड्यात असतो, गुदद्वाराकडून सुरू होऊन वर सरकत जातो. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठंही होऊ शकतो, मधे मधे चांगला भाग सोडून. तिखट खाल्लं म्हणून यातला कुठलाच आजार होत नाही, त्यामुळं घरातल्यांनी पेशंटला "तुझ्या जिभेनंच घात केला" असं म्हणणं आधी थांबवा.

शिवाजी पेठेतल्या एक ताई लिहितात: मिस्टरांना (वय 38) दोन वर्षांपूर्वी कोलायटिस निघाला. त्याआधी सगळे मूळव्याधच म्हणत होते. आता रक्त पडायचं थांबलंय, गोळ्या चालू आहेत, पण भीतीनं ते मऊ भात, वरण आणि ताक सोडून काही खात नाहीत. वजन 64 चं 53 झालंय. रविवारी घरात मटण शिजायला लागलं की उठून बाहेर जातात. मिसळ तर विषयच नाही. हे जन्मभर असंच चालायचं का?

नाही ताई, असं चालायचं नाही आणि चालू देऊ पण नका. या आजाराची पथ्यं दोन असतात, हे कुणी नीट सांगतच नाही. एक आजार उसळलेला असतानाचं आणि दुसरं तो शांत असतानाचं. रक्त पडतंय, मुरडा येतोय, दिवसातनं सात-आठ वेळा जावं लागतंय, तेव्हा मऊ भात, मुगाचं वरण, साल काढलेला दुधी, उकडलेला बटाटा, पिकलेलं केळं, अंडं असलं साधं खायचं, कारण जखम ओली असताना आपण ती टॉवेलनं घासत नाही. पण मिस्टरांचा आजार शांत झालाय असं तुम्हीच लिहिलंय, आणि ते अजून पहिल्याच पथ्यावर अडकून बसलेत. अकरा किलो वजन उतरलंय ते आजारानं किती आणि उपासमारीनं किती, हे बघायला पाहिजे.

हिशोबच करून बघा ना. आजार शांत असताना किलोमागं रोज साधारण 1 ग्रॅम प्रोटीन लागतं, उसळलेला असताना 1.2 ते 1.5 ग्रॅम. म्हणजे 53 किलोच्या माणसाला निदान 53 ग्रॅम, आणि वजन परत आणायचंय म्हणून त्याहून थोडं जास्तच धरा. वरणाच्या एका वाटीत 6-7 ग्रॅम आणि पातळ ताकात अगदीच थोडं, म्हणजे दिवसभराचं धरूनसुद्धा गरजेच्या निम्म्यावर यांची गाडी जात नसणार. दोन उकडलेली अंडी घातली की 12 ग्रॅम लगेच वाढले, ताजं पनीर, चिकन, नदीचा मासा काटे काढून, हे सगळं चालतं.

आता रविवारचं मटण. तुमच्या घरात तांबडा-पांढरा होत असणार, मग आधी मटण हळद, मीठ, आलं-लसूण घालून शिजतं आणि त्याचं अळणी, म्हणजे बिनतिखटाचं शिजवणी पाणी, निघतं. चटणी पडायच्या आधी त्यातलं एक वाटी अळणी आणि तीन-चार मऊ शिजलेल्या फोडी, चरबीचा तुकडा बाजूला काढून, मिस्टरांच्या भातावर घाला. लहान पोरांना आपण अळणी भात देतोच की, तसाच. त्यांना घरातल्यांबरोबर ताटावर बसता येईल आणि खरं सांगू का, मला यात प्रोटीनइतकंच ते महत्त्वाचं वाटतं. फक्त कोलायटिसमध्ये लाल मांस आवरतं घ्यावं असा तज्ज्ञांचा कल आहे, म्हणून मटण आठवड्यातनं एकदाच, बाकीचे दिवस अंडी-चिकन-मासे. पांढऱ्या रश्शात नारळाचं दूध, काजू, खसखस असते, जड पडतो, तो महिन्याभरानं अर्धी वाटी घेऊन बघा. तांबडा सगळ्यात शेवटी.

मिसळीचं म्हणाल तर ती अख्खी बंद करण्याआधी तिचा एकेक भाग वेगळा करून बघा, म्हणजे नेमकं काय सोसत नाही ते कळेल. कटातली, म्हणजे मिसळीच्या तिखट रश्श्यातली, मिरची आतड्यात जळजळ वाढवते, जखम ती करत नाही, पण नाजूक आतड्याला घाई लागते आणि जाताना आग होते ती वेगळीच. वरचा तेलाचा तवंग जुलाब वाढवतो. कच्चा कांदा बऱ्याच जणांना गॅस करतो, आजार शांत असला तरी. मोड आलेल्या मटकीचं साल चिवट असतं. फरसाण तळलेलं. पाव मात्र बहुतेकांना काहीच करत नाही, आणि गंमत म्हणजे लोक पहिला पावच बंद करतात! तर घरी मटकी कुकरला अगदी मऊ होईपर्यंत शिजवा, कट बिनतवंगाचा आणि चटणी अगदी चिमूटभर, कांदा शिजवलेला, फरसाण अगदी थोडं. हे सोसलं तर पुढं कधीतरी बाहेर. नाही सोसलं तर परत दोन महिन्यांनी बघू.

आणि एक वही करा. तीन दिवसांत एकच नवीन पदार्थ, थोडासा, आणि वहीत काय खाल्लं, किती, किती वेळा जावं लागलं, रक्त-शेंबूड दिसलं का, झोप झाली का, एवढं लिहा. एकाच दिवशी तीन गोष्टी चालू केल्या आणि पोट बिघडलं तर दोष कुणाला द्यायचा? अशानंच लोक सगळं सोडून बसतात. वही घेऊन डॉक्टरांकडं जा, वजन उतरल्याचं स्पष्ट सांगा, हिमोग्लोबिन, बी-12, व्हिटॅमिन डी बघायचं का विचारा, आणि शौचाची कॅलप्रोटेक्टिन नावाची तपासणी असते तिच्याबद्दल विचारा. आतली सूज खरंच शांत आहे का याचा अंदाज तिच्यातनं येतो. सूज नसूनही पोट गुडगुडतंय असं कळलं तर मिस्टरांची निम्मी भीती तिथंच जाईल. गोळ्यांत सल्फासॅलाझिन असेल तर फॉलिक अॅसिडचं पण विचारून घ्या, त्या गोळीनं ते अंगी कमी लागतं.

मंगळवार पेठेतनं एक दादा: मॅडम, मी तालमीतला माणूस, लहानपणापास्नं गंगावेशीला दूध कट्ट्यावर धारोष्ण दूध पिऊन वाढलोय. आता क्रोन्स निघालाय, अॅझाथायोप्रिन चालू आहे. डॉक्टर दूध बंद म्हणाले, घरचे म्हणतात दुधाशिवाय ताकद कशी येणार?

दादा, यात दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. पहिली, कच्चं दूध. अॅझाथायोप्रिन तुमची प्रतिकारशक्ती मुद्दाम खाली ठेवतं, नाहीतर ती आतड्यावरच उठते. अशा अंगाला न तापवलेल्या दुधातनं ब्रुसेला, टीबीसारखे जंतू मिळाले तर महागात पडेल. म्हणून समोर धार काढलेली असू दे नाहीतर घरच्या म्हशीचं असू दे, धारोष्ण बंद म्हणजे बंद, यात मी घासाघीस करणार नाही. दुसरी गोष्ट, तापवलेलं दूध. त्यातली साखर, लॅक्टोज, आतडं सुजलेलं असताना नीट पचत नाही, काहींना एरवीही पचत नाही, पण ते सगळ्यांना लागू नाही. डॉक्टरांना विचारून दोन आठवडे पूर्ण सोडा, मग अर्धा कप घेऊन बघा. दही-ताकात लॅक्टोज कमी असतं, ते बहुतेकांना चालतं. दूध सोसलंच नाही तर कॅल्शियमसाठी नाचणी आहे, 100 ग्रॅममध्ये साधारण 350 मिलिग्रॅम. पीठ वस्त्रगाळ करून ताकातली आंबील करा, लसूण सोसत असेल तर थोडा ठेचून घाला. स्टिरॉइडच्या गोळ्या कधी चालू झाल्या तर हाडांसाठी हे कॅल्शियम दुप्पट महत्त्वाचं, तेव्हा डॉक्टर वेगळी गोळी पण देतील. आणि सिगारेट-बिडी ओढत असाल तर ती आजच टाका, क्रोन्स तिनं हमखास चिघळतो.

इचलकरंजीहून एक आई: मुलगा 19 वर्षांचा, इंजिनिअरिंगला, मेसचा डबा खातो. क्रोन्समुळं लहान आतडं एका ठिकाणी अरुंद झालंय म्हणतात. आधी आतड्याचा टीबी म्हणून सहा महिने औषध झालं. नुसत्या आहारानं बरा होईल का?

टीबीचं औषध आधी झालं म्हणून मनाला लावून घेऊ नका. हे दोन्ही आजार आतड्यात घालायच्या दुर्बिणीतनं एकसारखे दिसू शकतात आणि आपल्या देशात टीबी इतका आहे की डॉक्टर अनेकदा आधी तेच औषध देऊन बघतात.

आहारानं बरा होतो का, तर क्रोन्स झालेल्या लहान मुलांत 6 ते 8 आठवडे सगळं जेवण बंद ठेवून फक्त खास पातळ फॉर्म्युला देतात आणि सूज खरोखर उतरते. हा उपचार आहे, पण तो डॉक्टर आणि आहारतज्ञांच्या देखरेखीतला, दुकानातनं प्रोटीन पावडर आणून करायचा नव्हे. अरुंद आतड्यासाठी रोजचं लक्ष मात्र वेगळ्याच गोष्टीवर ठेवायचं, ते म्हणजे अडकणारं खाणं. मक्याचं कणीस, ओल्या-सुक्या खोबऱ्याचे तुकडे, शेवग्याची शेंग, अख्खे शेंगदाणे, पेरूच्या बिया, संत्र्याच्या फोडींची साल, मशरूम, मोडाची कडधान्यं. मेसमध्ये उसळ असेल त्या दिवशी त्यानं वरणच मागायचं, भाजी दुधी-भोपळा-बटाट्याची, भाकरीऐवजी मऊ चपाती, आणि प्रत्येक घास चावून चावून, गप्पा मारत गिळायचं नाही. पोट फुगलंय, कळा येतायत, उलट्या होतायत आणि वारा पण सरत नाही असं झालं तर लिंबू-सोडा, ओवा काही देत बसू नका, ताबडतोब दवाखाना. रूमवरच्या मित्राला पण हे सांगून ठेवा.

गडहिंग्लजहून: गोळ्या खाऊन कंटाळा आलाय. एकांनी काढा दिलाय, म्हणतात गोळ्या सोडा, हळदीनं आतडं बरं होतं.

सोडू नका. रक्त थांबतं ते गोळीमुळं, आणि थांबलेलं राहतं तेही तिच्यामुळंच. स्टिरॉइड तर एकदम बंद करणं धोक्याचं आहे, ते डॉक्टर पायरीपायरीनं उतरवतात. हळदीतल्या कर्क्युमिनवर कोलायटिसमध्ये अभ्यास झालेत आणि काही आशादायक आहेत, पण ते मेसालामिन ही कोलायटिसची नेहमीची गोळी चालू ठेवून जोडीला दिलेल्या मोजक्या डोसचे, फोडणीतल्या हळदीचे नव्हेत. काढ्यात काय काय आहे ते लिहून घ्या आणि तुमच्या डॉक्टरांना दाखवा, कारण यकृतावर ताण टाकणारं काही असेल तर तुमच्या गोळ्यांबरोबर ते जास्तच बाधेल. आणि आजाराला साधारण 8 वर्षं झाली की कॅन्सरच्या तपासणीसाठी दुर्बीण सुरू करावी लागते, बरं वाटत असलं तरी, म्हणून डॉक्टरांचा पत्ता सोडायचाच नाही. अंगदुखीला मेडिकलमधनं डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन परस्पर घेऊ नका, त्यानं आजार उसळू शकतो, पॅरासिटामॉल बरी.

राजारामपुरीतल्या एक काकू: कोलायटिस आहे, अंबाबाईचं नवरात्र कधी चुकवलेलं नाही. नऊ दिवस उपवास धरू का?

काकू, आजार शांत असेल आणि डॉक्टर हो म्हणाले तर धरा, पण रिकाम्या पोटाचा नको. साबुदाण्याची तेलकट खिचडी, शेंगदाण्याचा कूट आणि हिरवी मिरची हे तिन्ही एकदम आलं की पोट बिघडणारच. त्यापेक्षा वरीचा भात ताकातला, राजगिऱ्याची लापशी, उकडलेला बटाटा जिरं-तुपावर, केळं, दही असं दर तीन तासांनी थोडं थोडं घ्या. गोळ्यांच्या वेळा बदलायच्या नाहीत. दर्शनाच्या रांगेत उभं राहायच्या आधी बाथरूम कुठं आहे ते विचारून ठेवा आणि पाण्याची बाटली घरनंच न्या. पातळ होऊ लागलं तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं मोजून, घोट घोट घ्या. रक्त दिसलं तर उपवास त्याच दिवशी सोडायचा आणि डॉक्टरांना फोन करायचा. दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्त मिसळून जावं लागलं आणि ताप किंवा छातीत धडधड असेल तर सकाळची वाट न बघता रात्रीच ॲडमिट व्हायचं.