दौऱ्यावरचा कोरा आठवडा

"मॅडम, महिन्यातले दहा-बारा दिवस मी गोव्याबाहेर असतो. तीन आठवडे सराव करून कमावलेला दम एका दौऱ्यात जातो. सायकल विकूनच टाकावी का?"

पणजीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. कुणी धावणारं असतं, कुणी पोहणारं. पण सायकलवाले जास्त, कारण सायकल बॅगेत कोंबून नेता येत नाही. म्हणून एकाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

तो फोंड्याचा. औषध कारखान्यांतली यंत्रं सांभाळणारा अभियंता. कामासाठी कधी हैदराबाद, कधी हिमाचलातलं बद्दी. २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी, साडेतेरा तासांच्या मुदतीत पूर्ण केलेली, आता ३०० ची तयारी. सुरुवातीच्या भेटींत तो वेळ नसल्याचंच सांगत राहिला. मी त्याला दौऱ्यातला एक दिवस तासातासाने लिहायला लावला. कामावर नेणारी गाडी हॉटेलवर सकाळी साडेआठला येत होती. तिथे जिम होती, जिममध्ये सायकलही होती.

"मग चालवत का नाही?"

"अर्ध्या तासाने काय होणार? घरी मी दोन तास काढतो."

इथे वेळापत्रक हातात देऊन माणसाला घरी पाठवणं सोपं असतं. मी ते करत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारावर माझं काम उभं आहे. आपल्याला अडवतो तो बहुतेक वेळा आपलाच एखादा हट्ट, हे मी इतक्यांदा पाहिलंय की तो हट्ट सापडेपर्यंत मी विचारत राहते.

"समजा केलाच अर्धा तास. काय वाईट होईल?"

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सराव नोंदवायच्या ॲपवर दिसेल. सायकल ग्रुपमधले म्हणतील, हा अर्ध्या तासावर आला."

"आणि काहीच केलं नाही तर?"

"तर कोण काय म्हणणार? दौऱ्यावर होतो ना!"

बोलून गेला आणि स्वतःच थबकला. मीही काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने बोलू नये, असं माझं ठाम मत आहे. थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, "म्हणजे कोरा आठवडा मला परवडतो. लहान आकडा परवडत नाही."

हे त्याला स्वतःला सापडलं, याचं मला मोठं समाधान आहे. कोऱ्या आठवड्याला दौऱ्याची ढाल होती. अर्ध्या तासाला ती नव्हती. तो आकडा म्हणजे आपली लायकी, असं त्याने मनात धरलं होतं. वेळेची अडचण खरीच होती, पण त्याला अडवलं होतं ते या भीतीने. आकडा त्या दिवसाच्या सरावाचा असतो, माणसाचा नसतो, यावर आम्ही पुढच्या भेटींत खूप बोललो. गृहपाठ एकच दिला: बद्दीला जिममध्ये जे होईल ते करायचं आणि न लपवता ॲपवर टाकायचं. आधी त्याने टाळलं. मग एका सकाळी निरोप आला, "टाकलं." ग्रुपमध्ये एकानेही काही विचारलं नाही, याचंच त्याला नवल वाटलं.

आता तुमच्यासाठी. थोडक्या सरावाने कमावलेलं टिकतं, ही नुसती समजूत नाही. रॉबर्ट हिक्सन यांच्या १९८१ सालच्या अभ्यासात आठवड्याला सहा दिवस कसून सराव केलेल्या लोकांनी तो दोन दिवसांवर आणला, तरी पंधरा आठवडे त्यांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता टिकून राहिली. अट एवढीच की त्या दोन दिवसांतला जोर कमी करायचा नाही. म्हणून दौऱ्यावर वेळ कापा, जोर नको. दहा मिनिटं अंग गरम करा. मग चार मिनिटं अशी चालवा की दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येऊ नये, तीन मिनिटं हलकी. असं चार वेळा. सीट आधी नीट करून घ्या: पेडल खाली असताना टाच टेकवली की गुडघा सरळ व्हायला हवा. पोहोचल्याच्या दुसऱ्या सकाळीच सुरुवात करा, कारण पहिला दिवस हुकला की पुढचे आपोआप हुकतात.

परतल्यावरची भरपाई मात्र मला जास्त काळजीची वाटते. हा अभियंता शुक्रवारी रात्री मोपा विमानतळावर उतरायचा आणि शनिवारी पहाटे चारला धारबांदोडा, मोले करत अनमोड घाटाला भिडायचा. झोप अपुरी, घाटात नाडी नेहमीपेक्षा वर, आणि निष्कर्ष ठरलेला: सगळं गेलं! खरं तर थोडे दिवस सराव थांबला की रक्तातला द्रवभाग घटतो, म्हणून हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. पुन्हा नियमित चालवायला लागलं की तो भरून येतो. त्या एका चढावरून आपली परीक्षा घेऊ नका.

त्याच्या पत्नीला मी एका भेटीला बोलावलं. "घरी आलास तरी घरात नसतोसच," ती त्याला म्हणाली. त्याने वाद घातला नाही. परतल्यानंतरचा शनिवार घराचा ठरला, फार तर तासभर हलकी सायकल. लांबचा पल्ला रविवारी. आणि दौऱ्यांच्या तारखा पाहून ३०० ची बीआरएम कुठल्या महिन्यात करायची, ते दोघांनी मिळून माझ्यासमोरच ठरवलं.